घर कोणाचे, उपचार कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या समाजातील कुटुंबे दारिद्र्याने खिळखिळी होतात, दुष्काळाने विस्कटतात, शहराच्या ओढीने विखुरतात. हे सारे कार्यकर्त्यांच्या नित्य परिचयाचे आहे. परंतु राज्यसंस्थेने ठरवून, कायदा करून आणि अंदाजपत्रकात तरतूद करून एका समाजाची कुटुंबे मोडावीत, आणि पुढे त्याच राज्यसंस्थेने त्या मोडलेल्या कुटुंबांसाठी कल्याणयोजना काढाव्यात, हा प्रकार उत्तर अमेरिकेत घडला. त्या खंडाच्या मूळ रहिवाशांनी या योजनांपुढे एक साधा प्रश्न ठेवला: ज्या हातांनी घर मोडले, त्याच हातांनी काढलेल्या नकाशावर ते पुन्हा उभे राहील काय? या प्रश्नातून त्यांच्या स्वतःच्या आश्रयगृहांची आणि उपचारकेंद्रांची चळवळ उभी राहिली. ती केवळ समाजसेवेची हकिकत नाही. सत्ता, जमीन आणि संस्कृती यांचा परस्परसंबंध काय, हा जो प्रश्न समाजवादी विचाराला नेहमीच पडत आला आहे, त्याचे एक जिवंत प्रकरण तीत पाहावयास मिळते.

प्रथम इतिहासाची उजळणी अवश्य आहे. १८१९ साली अमेरिकन काँग्रेसने तथाकथित इंडियन जमातींना ‘सुसंस्कृत’ करण्यासाठी निधी मंजूर केला. १८७९ साली पेनसिल्व्हेनियातील कार्लाईल येथे रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने जमातींच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. मुलातील इंडियन मारावा आणि माणूस वाचवावा, हे त्याचे सूत्र होते. शेकडो मैलांवरून आणलेल्या मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषेत बोलणाऱ्यास शिक्षा होई. १८८३ साली राखीव मुलखांतील न्यायालयांसाठी जे नियम झाले, त्यांनी सूर्यनृत्यासारखे विधी आणि वैदूंचे उपचार यांना गुन्हा ठरविले. १८८७ साली डॉझ कायद्याने जमातींची सामाईक जमीन व्यक्तीव्यक्तीत वाटून टाकली आणि ‘उरलेली’ जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना मोकळी केली. त्या वर्षी जमातींकडे सुमारे १३ कोटी ८० लक्ष एकर जमीन होती. १९३४ साली ती सुमारे ४ कोटी ८० लक्ष एकरांवर आली.

मूल हिरावणे, विधींवर बंदी घालणे आणि जमीन बळकावणे या तिन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या, हा योगायोग नव्हे. सामाईक जमिनीचा दस्तऐवज कागदावर नव्हता. तो आजीच्या कथांत, नात्यांच्या जाळ्यात आणि भाषेतील स्थळनामांत होता. मुलाला त्या भाषेपासून तोडले की जमिनीवरील हक्काचा वारसदारच नाहीसा होतो. अमेरिकेच्या गृहखात्याने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही गोष्ट सरकारनेच मान्य केली: जमातींचा प्रदेश काढून घेणे आणि त्यांच्या मुलांना शाळेद्वारा मुख्य समाजात विरघळविणे हे एकाच धोरणाचे दोन भाग होते. हा अहवाल तयार करविणाऱ्या खातेमंत्री डेब हालँड या स्वतः लगूना प्यूब्लो जमातीच्या, आणि अमेरिकन मंत्रिमंडळातील पहिल्या मूलनिवासी सदस्य होत्या. २०२४ च्या दुसऱ्या अहवालात १८१९ ते १९६९ या काळातील अशा ४१७ संस्थांची आणि त्यांत मृत्यू पावलेल्या किमान ९७३ मुलांची नोंद झाली. या शाळांत मुलांच्या अन्नावर दिवसाकाठी दरडोई सुमारे ११ सेंट खर्च होतात, हे १९२८ च्या मेरियम अहवालाने सरकारच्या नजरेस आणलेच होते. राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी जाहीर माफी मागितली ती २५ ऑक्टोबर २०२४ रोजी. म्हणजे माहिती आणि माफी यांच्यामध्ये शहाण्णव वर्षे गेली.

शाळांचा जोर ओसरला, तरी मुले घराबाहेर जाणे थांबले नाही. शाळेची जागा समाजकल्याण खात्याने घेतली. १९५८ ते १९६७ या काळात सरकारी पुढाकाराने एक दत्तक योजना चालविली गेली आणि तिच्यामार्फत ३९५ मूलनिवासी मुले बहुतांशी दूरच्या गोऱ्या कुटुंबांत देण्यात आली. १९६९ आणि १९७४ साली झालेल्या पाहण्यांत असे आढळले की, जमातींची २५ ते ३५ टक्के मुले स्वतःच्या कुटुंबापासून अलग होऊन परक्या घरांत वा संस्थांत वाढत होती. कारण काय? मूल आजीकडे किंवा मावशीकडे सोपविले, तर आईने त्याला टाकले असा शेरा पडे. घरात नळ नाही, खोल्या अपुऱ्या आहेत, या गोष्टी पालकांची हेळसांड म्हणून नोंदल्या जात. गरिबीला गुन्हा आणि एकत्र कुटुंबाला उणीव ठरविणारी ही नोंदवही होती. अधिकारी प्रत्येक वेळी दुष्ट होता असे नव्हे. त्याच्या लेखी आईबाप आणि दोन मुले एवढेच कुटुंब होते, आणि त्या मापात न बसणारे सारे काही त्याला मोडके दिसत होते.

या पार्श्वभूमीवर १९७८ साली काँग्रेसने इंडियन बालकल्याण कायदा संमत केला. मूल हलवावेच लागले तर प्रथम त्याच्या विस्तारित कुटुंबात, मग त्याच्या जमातीत, मग अन्य मूलनिवासी कुटुंबात ठेवावे, आणि जमातीच्या न्यायालयाला त्यात अधिकार असावा, असे त्याचे सूत्र आहे. कुटुंब एकत्र राहावे म्हणून अधिकाऱ्याने सक्रिय प्रयत्न केले पाहिजेत, अशीही त्यात सक्ती आहे. हा कायदा वंशभेद करतो असा आक्षेप घेऊन त्याला आव्हान देण्यात आले. १५ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायम ठेवला. तथापि कायदा मूल घरी ठेवा असे सांगू शकतो, घर उभे करू शकत नाही. मारहाणीतून पळालेल्या आईने रात्री मुलांना घेऊन कोठे जावे? दारूत बुडालेल्या बापाने कोणापुढे बसावे? येथून आश्रयगृहांचा आणि उपचाराचा प्रश्न सुरू होतो.

साउथ डकोटा राज्यातील रोझबड हा लाकोटा लोकांचा राखीव मुलूख. तेथील स्त्रियांनी १९७७ साली एक संघटना स्थापन केली आणि १९८० साली मारहाण झालेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह उघडले. अमेरिकेतील राखीव मुलखात निघालेले असे हे पहिले आश्रयगृह होय. संघटनेला त्यांनी नाव दिले ते लाकोटा परंपरेतील श्वेत महिष-कन्येचे. तिनेच लोकांना पवित्र चिलीम आणि सदाचाराचे नियम दिले अशी श्रद्धा आहे. या कार्याच्या अग्रणी टिली ब्लॅक बेअर या पुढे देशभरातील कौटुंबिक हिंसाविरोधी चळवळीच्या संस्थापकांत गणल्या गेल्या. २०१४ साली त्यांचे निधन झाले.

हे नाव घेण्यात केवळ भाविकता नव्हती, त्यात युक्तिवाद होता. बायकोला मारणे ही आमची रीतच आहे, असे म्हणणाऱ्या पुरुषाला या स्त्रियांनी परंपरेच्याच भाषेत उत्तर दिले. लाकोटा समाजात तंबूचे घर स्त्रीच्या मालकीचे असे. नवऱ्याचे सामान घराबाहेर ठेवले की काडीमोड झाला, इतका तिचा अधिकार स्पष्ट होता. मारहाण ही परंपरा नसून परंपरा मोडल्याचे लक्षण आहे, ती निवासी शाळेच्या छडीतून आणि छावणीच्या शिस्तीतून घरात शिरली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. संस्कृतीच्या नावाने अन्यायावर पांघरूण घालणाऱ्यांच्या हातून या स्त्रियांनी संस्कृतीच काढून घेतली.

अशा आश्रयगृहात आणि नेहमीच्या सरकारी निवाऱ्यात फरक कोणता? नेहमीचा निवारा स्त्रीला एकटी व्यक्ती समजतो. तिला किती दिवस ठेवावयाचे याची मुदत असते, वयात आलेला मुलगा पुष्कळ ठिकाणी तिच्याबरोबर राहू शकत नाही, आणि नातलगांपासून तिला दूर ठेवणे हेच संरक्षण मानले जाते. ज्या समाजात आजी, मावशी, आत्या या सर्वच माता मानल्या जातात, तेथे हे दूर ठेवणे दुसरी जखम ठरते. म्हणून मूलनिवासी आश्रयगृहे भावंडांना एकत्र ठेवण्याचा आग्रह धरतात, सुरक्षित नातलग शोधतात, वडीलधाऱ्या स्त्रीला कर्मचारी मंडळात मानाचे स्थान देतात. सकाळी सेज वनस्पतीचा धूर घेता येतो, मंडळ करून बसता येते, आपल्या भाषेत रडता येते. तापलेल्या दगडांवर पाणी शिंपून होणाऱ्या वाफेत बसण्याचा शुद्धिविधी, ज्याला लाकोटा ‘इनिपी’ म्हणतात, तो उपचाराचा भाग होतो. बाहेरच्याला या गोष्टी किरकोळ वाटतील. परंतु ज्या विधीसाठी आजोबांना तुरुंग दाखविला गेला, तो विधी नातवाला उजळ माथ्याने करता येणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

शहरातील प्रश्न निराळा आहे. १९५० च्या दशकात सरकारने जमातींना राखीव मुलूख सोडून शहरांत जाण्यास प्रवृत्त केले. १९५६ साली त्यासाठी कायदाही झाला. रोजगाराचे आश्वासन होते, वाट्याला आली ती झोपडवस्ती. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे १९८३ साली ‘एन दा युंग’ हे केंद्र सुरू झाले. ओजिब्वे भाषेत या शब्दांचा अर्थ ‘आपले घर’. घर सुटलेल्या मूलनिवासी मुलांना तातडीचा आसरा देणे येथून त्याचे काम सुरू झाले आणि कुटुंब सावरण्याच्या कामापर्यंत वाढत गेले. २०१९ साली या केंद्राने अठरा ते चोवीस वर्षे वयाच्या तरुणांसाठी ४२ घरांची इमारत उभी केली. आसरा, मग कुटुंब, मग कायमचे घर, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. रात्रीच्या निवाऱ्यावर थांबणारी सेवा प्रश्नाला फक्त सकाळपर्यंत पुढे ढकलते.

उपचारामागील विचारही समजून घेतला पाहिजे. लाकोटा समाजातील अभ्यासक मारिया येलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी ‘ऐतिहासिक आघात’ ही कल्पना मांडली. १८९० सालचे वूंडेड नी येथील हत्याकांड, जमिनीचा ऱ्हास, मुलांची ताटातूट हे आघात एका पिढीपुरते राहत नाहीत. त्यांचा शोक करण्याचे विधीच बेकायदा ठरल्याने तो शोक पिढ्यान्पिढ्या साचत गेला आणि व्यसन, आत्महत्या, घरातील हिंसा या रूपांनी फुटला, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांच्या पद्धतीत इतिहासाचे शिक्षण हाच उपचाराचा पहिला टप्पा असतो: लोक एकत्र येतात, काय घडले ते समजून घेतात, आणि मग एकत्र शोक करतात. दारुड्याला ‘तू कमकुवत आहेस’ असे सांगणारे वैद्यक आणि ‘तुझ्यावर हे घडविले गेले, आता उठण्याचे काम तुझे आणि आपल्या सर्वांचे’ असे सांगणारे वैद्यक, यांतील भेद राजकीय आहे.

या विचाराचा प्रत्यय त्याला नाव मिळण्यापूर्वीच कॅनडात आला होता. ब्रिटिश कोलंबियातील अल्कली लेक या वस्तीत दारूने घरोघर थैमान घातले होते. १९७२ साली फिलिस चेल्सी या स्त्रीने दारू सोडली, पाठोपाठ तिचा पती अँडी याने सोडली. पुढे तो जमातीचा प्रमुख निवडला गेला. त्यांनी प्रवचने केली नाहीत. दारू विकणाऱ्यांवर कारवाई करविली, रोख मदतीऐवजी दुकानाच्या चिठ्ठ्या देण्याची व्यवस्था केली, आणि माणूस उपचाराला गेला की त्याच्या माघारी शेजाऱ्यांनी त्याचे घर दुरुस्त करून ठेवावे असा प्रघात पाडला. हळूहळू जुने विधीही परतले. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वस्तीतील बहुसंख्य लोक दारूमुक्त झाले. आणि मग, शुद्धीवर आल्यानंतरच, निवासी शाळेत बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराविषयी माणसे बोलू लागली. दारू हा रोग नव्हता, रोगावर घातलेली मळकी पट्टी होती.

येथे डाव्या विचाराचा कार्यकर्ता काही रास्त शंका काढील. हे पुनरुज्जीवन तर नव्हे? भाकरी आणि जमीन सोडून धुराच्या आणि ढोलाच्या मागे लागणे तर नव्हे? शंका टाळता कामा नये. पुनरुज्जीवनवादी भूतकाळाकडे जातो तो आजच्या दुर्बळावर सत्ता गाजविण्यासाठी. रोझबडच्या स्त्रिया गेल्या त्या आजच्या सत्तेपासून दुर्बळाची सुटका करण्यासाठी. परंपरेची कसोटी ती जुनी आहे की नवी ही नसून, तिने कोणाची पाठ सरळ होते, ही आहे. आधुनिक वैद्यकाशीही या चळवळीचे वैर नाही. मोडलेले हाड डॉक्टरनेच बसवावे. परंतु मोडलेल्या मनाजवळ त्याच्या भाषेतील माणूस बसावा, एवढेच तिचे म्हणणे आहे. सरकारलाही हे उशिरा पटू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको आणि ओरेगन या चार राज्यांत गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यातून पारंपरिक उपचारांचा खर्च देण्यास अमेरिकेच्या केंद्र सरकारने मान्यता दिली.

भाकरीचा प्रश्न मात्र अधिक गंभीर आहे, आणि धोका तेथेच आहे. विधी स्वस्त असतो, घर महाग असते. ढोल वाजवू द्यावयाचा आणि घरबांधणीचा पैसा अडवावयाचा, हा व्यवहार कोणत्याही सरकारला परवडतो. कॅनडाचे उदाहरण बोलके आहे. १९९८ साली निवासी शाळांच्या आघातावरील उपचारासाठी तेथे मूलनिवासींच्या व्यवस्थापनाखाली एक प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्याला ३५ कोटी डॉलर मिळाले. त्यातून वस्त्यावस्त्यांत लोकांनी स्वतः आखलेली कामे उभी राहिली. जून २००८ मध्ये पंतप्रधान हार्पर यांनी संसदेत माफी मागितली. आणि २०१० साली त्यांच्याच सरकारने या प्रतिष्ठानाला नवा निधी नाकारला. २०१४ साली ते बंद पडले. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, सत्य व समेट आयोगाने आपल्या ९४ शिफारशींत पुन्हा तीच मागणी केली की, उपचारकेंद्रांना टिकाऊ निधी द्या. दीडशे वर्षांचा आघात बारा वर्षांच्या अनुदानाने भरून निघावा, अशी ही अपेक्षा होती.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. ज्या १९७८ साली बालकल्याणाचा कायदा झाला, त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑलिफंट खटल्यात निर्णय दिला की, जमातीच्या न्यायालयाला बिगर-मूलनिवासी आरोपीवर फौजदारी खटला चालविता येणार नाही. परिणाम असा झाला की, परक्या पुरुषाने राखीव मुलखात येऊन स्त्रीला मारावे आणि तेथील न्यायाधीशाने हात बांधून बसावे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीनुसार पाचांपैकी चारांहून अधिक मूलनिवासी स्त्रियांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा हिंसा सोसली आहे. आणि लैंगिक हिंसेला बळी पडलेल्यांपैकी ९६ टक्के स्त्रियांना बिगर-मूलनिवासी हल्लेखोराचा अनुभव आला आहे. या स्त्रियांच्या अविश्रांत लढ्यानंतर २०१३ साली कौटुंबिक हिंसेपुरता आणि २०२२ साली लैंगिक अत्याचार, बालकांवरील हिंसा आदी गुन्ह्यांबाबत हा अधिकार जमातींना अंशतः परत मिळाला. ज्या स्त्रियांनी आश्रयगृहात चादरी घातल्या, त्याच कायदेमंडळापुढे साक्षीला उभ्या राहिल्या. रचना आणि संघर्ष यांची फारकत त्यांनी मानली नाही.

या साऱ्याचा महाराष्ट्राशी काय संबंध, असे विचारले जाईल. संबंध आहे. कार्लाईलच्या आधी आठ वर्षे, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १८९७ च्या दुरुस्तीने त्या जमातींच्या मुलांना आईबापांपासून अलग करून सुधारगृहात ठेवण्याची सोय करून घेतली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु ‘मुलाला त्याच्या माणसांतून काढल्याखेरीज त्याचा उद्धार नाही’ ही समजूत रद्द झाली नाही. गोंडी, कोरकू वा भिली बोलणाऱ्या मुलाला आश्रमशाळेत पहिल्या दिवशी जी भाषा ऐकू येते, ती त्याच्या आईची नसते. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हा तिला मान्यतेसाठीच झगडावे लागले. उलट त्याच जिल्ह्यात डॉ. राणी व अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने रुग्णालय बांधण्यापूर्वी, दवाखाना कसा असावा हे आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातलगांना राहू देत नाहीत, आपला देव तेथे नाही, अशी उत्तरे आली. म्हणून तेथे घरांसारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. उपचार आधुनिकच राहिले, भीती मात्र गेली.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा बोध सोपा आहे, आचरण्यास मात्र कठीण. पीडितासाठी काम करणारी संस्था आणि पीडितांची संस्था या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली कितीही दयाळू असली तरी नोंदवही तिच्या हातात राहते. दुसरी चुकली, अडखळली तरी नोंदवही लोकांच्या हातात येते. आदिवासी पाड्यावर निवारा, वसतिगृह वा व्यसनमुक्तीचे केंद्र काढण्याचा विचार ज्या ज्या वेळी होईल, त्या वेळी चार प्रश्न विचारले जावेत. कुटुंब म्हणजे कोण, हे कोणी ठरविले? तेथे कोणत्या भाषेत बोलता येईल? पैसा किती वर्षांचा आहे? आणि दाराची किल्ली कोणाच्या कनवटीला राहील? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर गावाच्या बाजूने येत नसेल, तर पहिल्या तिन्हींची उत्तरे कितीही सुंदर असली, तरी इमारतीवरील पाटी बदलेल, आतील शाळा कार्लाईलचीच राहील.